पिठातला चोर

५ जानेवारी

पंडिता,

पंडित म्हटलं की तुला राग येतो, ठाऊक आहे. पण आज मला पंडितच हवाय, भाचा नंतर.

परवाच्या रविवारची गोष्ट. आपल्या चर्चच्या मंडळीत चार महिन्यांपूर्वी नवे पाळक आले, हे तुला कळवलं होतं. उंच, काटकुळे, विधुर, आणि अडलं की चष्मा पुसणारे. परवा त्यांनी प्रवचनाला विषय घेतला खमीर. मी मनातून हरखले. बावीस वर्षं मी पहाटे उठून खमीर कालवते, प्रभुभोजनाचा पाव माझ्याच भट्टीतून जातो, पण आजवर एकाही पाळकाला माझ्या धंद्यातलं काही घेऊन बोलावंसं वाटलं नव्हतं. मेंढपाळ झाले, कोळी झाले, द्राक्षमळेवाले झाले. म्हटलं, चला, आली एकदाची आपली पाळी. केस नीट केले आणि ताठ बसले.

तर पाळक म्हणाले, खमीर म्हणजे पाप. शास्त्रात जिथे जिथे खमीर आहे तिथे तिथे पाप. गुलामीतून सुटताना लोकांनी बेखमीर भाकर खाल्ली, घरातलं खमीर झाडून काढलं. वेदीवर खमीर चालत नसे. प्रभूने बजावलं, त्या ढोंगी परूश्यांच्या खमिरापासून सांभाळा. प्रेषिताने लिहिलं, एवढंसं खमीर सगळा गोळा फुगवतं. खमीर म्हणजे पिठातला चोर, असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. शब्द चांगला आहे. कुठून आणला कोण जाणे.

मी तिसऱ्या रांगेत. पुढच्या दोन रांगा मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या आणि मागच्या रांगांचं बघणं मानेला जाणवत होतं. मी काय करणार, आपली बोटं लपवली. नखांत पीठ होतं.

त्यानंतर जाहीर झालं की पुढच्या रविवारपासून प्रभुभोजनाला बेखमीर भाकर, आणि ती पाळक स्वतः भाजणार. सोमवारपासून निम्मी गिऱ्हाइकं गायब. म्हणजे पाव खाणं कुणी सोडलेलं नाही. शाळेतल्या बाई आता शेजारणीच्या नावाने मागवतात आणि शेजारीण बाईंच्या नावाने. काल दोघी एकाच वेळी आल्या, तेव्हा कोण कुणाचा पाव नेतंय हे ठरवायला पाच मिनिटं लागली.

हसू येतं, पण रात्री उशीवर डोकं टेकल्यावर येत नाही. तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. त्याच पावावर तुला वाढवलं. मी तुला पाप चारत होते का रे?

तू तिथे धर्मशास्त्र शिकतोस. मला नीट सांग. आणि जेवत जा.

तुझी मावशी


१४ जानेवारी

आदरणीय मावशीस,

तुझे पत्र पोहोचले. परीक्षा जवळ आल्याने उत्तरास विलंब झाला, क्षमा असावी.

तू विचारलेला प्रश्न गहन आहे. तुमच्या पाळकांनी मांडलेला अर्थ निराधार नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. त्यांनी दिलेले सर्व दाखले योग्य आहेत. खमीर हे नासण्याचे, आंबण्याचे द्योतक आहे. ते आतून, नकळत, थोड्याशा प्रमाणाने सुरू होऊन सर्वत्र पसरते. पापाचेही तसेच आहे. ढोंग, दुष्ट शिकवण, गर्व, या तिन्हींना शास्त्राने खमीर म्हटले आहे. एक अवघड उतारा आहे खरा, ज्यात स्वर्गाच्या राज्याला खमिराची उपमा दिली आहे, पण त्याचाही अर्थ काही विद्वान वेगळा लावतात.

यावरून तू पाप चारलेस असा अर्थ होत नाही. चिन्ह वेगळे आणि वस्तू वेगळी. तू हे मनाला लावून घेऊ नयेस. पाळक अभ्यासू दिसतात. मंडळीत वाद वाढू नये, यासाठी तू नम्रतेने घ्यावेस असे सुचवतो.

एक विचारायचे होते. प्रवचनात त्यांनी काही संदर्भ सांगितला का? म्हणजे हे त्यांनी कुठे वाचले वगैरे. सहज विचारतो.

माझी प्रकृती ठीक. जेवण बेताचे.

तुझा भाचा


२ फेब्रुवारी

पंडिता,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा समजलं नाही, दुसऱ्यांदा समजलं, तिसऱ्यांदा वाटलं की समजलं नव्हतं तेच बरं होतं. नम्रतेने घे म्हणालास. घेतलं. दोन दिवस घेतलं. तिसऱ्या दिवशी पाळकांच्या दारात जाऊन उभी राहिले.

म्हटलं, "साहेब, खमीर कधी पाहिलंत का?"

ते म्हणाले, "शास्त्रात पुष्कळ वेळा."

"बरणीत?"

चष्मा पुसायला लागले. म्हणाले, "नाही."

मी म्हटलं, ज्याला शिव्या द्यायच्या त्याचं तोंड तरी बघावं. उद्या पहाटे पाचला भट्टीवर या. मला वाटलं येणार नाहीत. पावणेपाचलाच हजर, कोट घालून. कोट काढा म्हटलं तर आत घरातला सदरा होता, त्याची दोन बटणं नव्हती, म्हणून कोट काढेनात. शेवटी माझं एप्रन वरून बांधलं. उंची एवढी की ते त्यांना लंगोटासारखं दिसत होतं, देव मला क्षमा करो.

त्यांना सगळं दाखवलं. कालच्या गोळ्यातला तुकडा कसा राखायचा, त्याला पीठ-पाणी घालून कसं जागं करायचं, वाटीभर पाण्यात टाकल्यावर तरंगलं की कसं तयार झालं समजायचं. तरंगलेलं बघून ते मुलासारखे खाली वाकले आणि म्हणाले, "हे जिवंत आहे." मी म्हटलं, "नाहीतर तुम्ही कशाला आला असता?"

जाताना त्यांनी अभ्यासाला म्हणून थोडं खमीर मागितलं. मी बरणीत घालून दिलं आणि सांगितलं, झाकण सैल ठेवा. पण ते पडले शिस्तीचे. झाकण गच्च लावून बरणी अभ्यासिकेतल्या कपाटात, प्रवचनाच्या वह्यांशेजारी. दुसऱ्या दिवशी दुपारी पंचमंडळींची बैठक चालू असताना कपाटातून धप्प आवाज झाला. दार उघडलं, तर तीन वर्षांची प्रवचनं एकमेकांना चिकटलेली. आपले घड्याळजी बैठकीत होते, त्यांनीच मला सांगितलं. म्हणाले, पाळकांनी एक वही सोलून पाहिली आणि म्हणाले, "क्षमा आणि न्याय एक झाले."

आणि त्यांच्या बेखमीर भाकरीचं काय झालं तेही ऐक. पहिल्या रविवारी त्यांनी भाजल्या त्या कौलासारख्या झाल्या. मोडताना असा आवाज आला की पेटी वाजवणाऱ्या बाईंनी चुकून गाणं सुरू केलं. घड्याळजींची कवळी दुभंगली. ते बिचारे हात जोडून, तोंड मिटून बसून राहिले. सगळ्यांना वाटलं केवढी ही भक्ती.

आता पाळक रोज पहाटे येतात. म्हणतात, बेखमीर भाकर नीट भाजायला शिकवा. शिकवते.

तू म्हणालास तो अवघड उतारा मी काढून वाचला. एका बाईने खमीर घेतलं आणि तीन मापं पिठात लपवलं. लपवलं का म्हणे? आम्ही मिसळतो. लपवण्यासारखं त्यात काय? विचार करून सांग.

तुझी मावशी

ता. क. संदर्भ सांगितला नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.


११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून मी अस्वस्थ झालो आहे. पाळक रोज पहाटे तुझ्या भट्टीवर येऊन उभे राहतात? म्हणजे आता तुझ्या कामावर नजर ठेवली जाणार? तू हसून लिहितेस, पण मी तुला ओळखतो. चुलीत हात भाजला तरी तू हसूनच सांगायचीस. त्यांनी प्रवचन केलं ते केलं, पण एका बाईला तिच्याच कामाच्या जागी रोज जाऊन छळणं मला मान्य नाही. तू म्हणशील तर मी त्यांना लिहितो. वरच्या मंडळालाही लिहितो. इथले गुरुजी त्या मंडळावर आहेत.

तुझा प्रश्न मी वर्गात विचारला. लपवलं का? गुरुजी म्हणाले, मूळ भाषेत खरंच लपवणं असाच शब्द आहे, मिसळणं नव्हे. मग म्हणाले, ज्याने कधी कणीक मळली असेल त्याने हात वर करा. वीस जणांत एकही हात वर गेला नाही. मी लहानपणी तुझ्या परातीत हात घालायचो, तरी माझाही गेला नाही. का गेला नाही, माहीत नाही.

एक हिशेब हवा आहे. ती तीन मापं म्हणजे कुणी बारा-तेरा किलो म्हणतं, कुणी वीसच्या वर. वीस किलो धरलं तर पाव किती होतील?

कळव. आणि त्या माणसाला आत घेऊ नकोस.

तुझा भाचा


२० फेब्रुवारी

माझ्या पंडिता,

कुणाला काही लिहू नकोस. तो माणूस आत येऊन चुकलाय. आता तो पत्र्यांना तेल लावतो, भट्टीची राख काढतो आणि फावड्यावरून पाव सरकवताना त्याचे दोनच पाव खाली पडतात, आधी सहा पडायचे. छळाचं म्हणशील तर तो थोडा मीच करते.

तुझा हिशेब. वीस किलो पीठ, त्यात तेरा लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे तेहतीस किलोचा गोळा. भाजून अठ्ठावीस किलो पाव उतरेल. दीडशे माणसं पोटभर खातील. मी हे पाळकांना सांगितलं तर ते फावडं धरून तसेच उभे राहिले. म्हणाले, "दीडशे? मी समजत होतो ती घरच्यापुरतं करत होती." मी म्हटलं, घरच्यापुरतं कुणी तीन मापं घेत नाही. ती बाई पाववाली असणार, नाहीतर तिच्याकडे लग्न असणार.

आणि लपवण्याचं मला कळलं. मी सकाळी खमीर पिठात घातलं, चार वळसे दिले आणि सहज बघितलं, तर दिसेना. माझंच खमीर, माझ्याच हाताने घातलेलं, पण परत काढून दाखव म्हटलं तर कुणाच्या बापाला दाखवता येणार नाही. एकदा गेलं की गेलं. मग वाट बघायची. यालाच ते लपवणं म्हणत असतील.

दुसरं, जुनं खमीर काढून टाका म्हणतात त्याचं. अरे, खमीर खरंच बिघडतं. तू नऊ वर्षांचा असताना आपलं बिघडलं होतं, वर गुलाबी रेघ आली होती आणि वास असा की मांजर घर सोडून गेलं. मी सगळं फेकलं, बरणी उकळली आणि नुसत्या पीठ-पाण्यापासून नवं धरलं. आठ दिवस पाव नव्हता. तर घाण झालं की फेकायचं हे बरोबरच आहे. पण म्हणून कुणी धंदा बंद करत नाही.

आता तिसरं. हे लिहावं की नाही म्हणून मी दोन दिवस थांबले.

तीन दिवसांपूर्वी पाळकांनी मला एक मासिक दाखवलं, तुमच्या विद्यालयाचं. म्हणाले, खरं सांगायचं तर माझं ते प्रवचन या लेखावरून घेतलेलं. लेखाखाली नाव नाही, नुसतं "एक विद्यार्थी". त्यात लिहिलंय, खमीर म्हणजे पिठातला चोर.

तू साडेसहा वर्षांचा होतास. परातीवरचं फडकं उचलून तू मला विचारलंस, रात्री हे एवढंसं होतं, कुणी वाढवलं? मी म्हटलं, खमिराने. तू म्हणालास, म्हणजे तो पिठातला चोर आहे, फक्त उलटा, नेत नाही, आणून ठेवतो. तुझे काका हसून हसून पिठाच्या पोत्यावर बसले होते.

प्रवचनात तो शब्द आला तेव्हाच मला शंका आली होती. म्हणून तर पहिलं पत्र तुलाच लिहिलं. वाटलं, आपणहून सांगशील. ताकाला जाऊन भांडं का लपवलंस?

पाळकांना मी काही बोललेले नाही.

मावशी


२७ फेब्रुवारी

मावशी,

हो. मीच.

चार मसुदे फाडले. हा पाचवा. यात काही विद्वत्ता आली तर काट मार.

मासिकात पहिल्या पानावर यायचं होतं. पहिल्या पानावर ज्याचा लेख येतो त्याच्याशी सगळे नीट बोलतात. मी एका बैठकीत लिहिला, आणि लिहिताना फार मजा आली. एकामागून एक दाखले बसत गेले. सगळं शास्त्र माझ्या बाजूने उभं आहे असं वाटत होतं.

मग एक दाखला आडवा आला. नियमशास्त्रातच आहे. कापणीची पहिली पेंढी वाहिल्यापासून पन्नासाव्या दिवशी लोकांनी देवापुढे दोन पाव आणायचे, आणि ते खमीर घालून भाजलेले. मुद्दाम तसं सांगितलंय. खमीर जर नुसतं पाप असेल तर देवाने ते का मागून घ्यावं? मी तो उतारा वाचला, मावशी. बोट ठेवून वाचला. आणि पान उलटलं. कारण तो घेतला असता तर लेखाचं शेवटचं वाक्य पडलं असतं, आणि ते वाक्य मला फार आवडलं होतं. परूश्यांचं खमीर म्हणजे ढोंग, हे मी पान दोनवर लिहिलंय आणि पान तीनवर केलंय.

नाव का घातलं नाही तेही सांगतो. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलांनी विचारलं, घरी काय करतात? मी खरं सांगितलं. तेव्हापासून मी "पाववालीचा". ते वाईट नव्हते, थट्टा करायचे. सकाळी ताटात पाव आला की म्हणायचे, हे बघ, घरून पत्र आलं. मी हसायचो. पण आत कुठेतरी ठरवलं की आपण पिठापासून लांब जायचं. इतकं लांब की त्याला पाप म्हणता यावं. लेखाखाली नाव घातलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, पाववालीचा भाचा खमिरावर लिहितो. आणि तुझ्या डोळ्यांपुढे जाईल ही भीती होतीच. नाकाने कांदे सोलणारा माणूस कसा दिसतो, ते मी हल्ली दाढी करताना बघतो.

तुझी निम्मी गिऱ्हाइकं माझ्यामुळे गेली. तू मला विचारलंस, मी तुला पाप चारत होते का. आणि मी त्यावर "चिन्ह वेगळे आणि वस्तू वेगळी" लिहिलं. ते वाक्य मला रात्रंदिवस टोचतं.

आज दोन पत्रं टाकली. एक मासिकाच्या संपादकांना, त्यात ते दोन पाव आहेत आणि खाली माझं पूर्ण नाव आहे. दुसरं तुमच्या पाळकांना. गुरुजींना जाऊन सांगितलं की मी या कामाला लायक नाही, विद्यालय सोडतो. ते म्हणाले, "मावशीला विचारलंस का?" म्हणून विचारतो.

तुझा


१० मार्च

माझ्या राजा,

सोडायचं नाही. विचारलंस, सांगितलं. पुढे चल, कारण पुढे फार गंमत आहे आणि मला कधी एकदा लिहिते असं झालंय.

तुझं पत्र पाळकांना बुधवारी मिळालं. गुरुवारी पहाटे ते भट्टीवर आले आणि नुसती राख काढत राहिले. राख नव्हती तिथूनही काढली. शेवटी म्हणाले, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, "होतं." म्हणाले, "आणि तरी मला मळायला शिकवलंत?" मी म्हटलं, "तुम्ही मळलं नसतं तर भाकरी आणखी कडक झाल्या असत्या."

रविवारी ते उभे राहिले. म्हणाले, "जानेवारीत मी एका विद्यार्थ्याचा लेख वाचून बोललो आणि शास्त्र वाचून बोललो असं भासवलं. त्या मुलाने एक उतारा गाळला, ते त्याने कबूल केलं. मी तर उतारे उघडून पाहिलेच नाहीत. परूश्यांचं खमीर शोधायला तुम्ही भट्टीकडे बघत होता. ते इथे, या लाकडी चौकटीमागे उभं होतं." मग त्यांनी सांगितलं की खमीर नुसतं वाईट नाही आणि नुसतं चांगलंही नाही. ते फक्त गुपचूप पसरतं. ढोंगही तसंच पसरतं आणि देवाचं राज्यही तसंच पसरतं, म्हणून आपण कुठलं कालवतोय ते बघावं. एवढं बोलून त्यांनी विचारलं, प्रभुभोजनाला काय असावं? घड्याळजी उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या कवळीचं मत पावाला." सगळी मंडळी हसली रे. शाळेतल्या बाई आणि त्यांची शेजारीण एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या.

तेव्हाच कुणीतरी म्हणालं, तीन मापं करून बघूया. दुसऱ्याच दिवशी मळायचं यंत्र बंद ठेवून वीस किलो पीठ मोठ्या लाकडी डोणीत ओतलं आणि पाळक आणि मी समोरासमोर उभे राहून हाताने मळलं. तासाभरात गोळा कडेच्या वर आला. आणखी थोड्या वेळाने तो डोणीतून बाहेर बघायला लागला. आम्ही इकडून आत ढकलला की तिकडून बाहेर. पाळकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत, चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर. मी आपल्या मनगटाने तो वर सारला. दोन मिनिटांनी परत घसरला. परत सारला. चौथ्या वेळेला ते म्हणाले, "हे रोज करायला कुणी असतं तर फार बरं झालं असतं."

मी म्हटलं, "चष्मेवाल्याकडून दांड्या घट्ट करून घ्या."

ते म्हणाले, "मी चष्म्याबद्दल बोलत नाही."

पळून जावं म्हटलं तर माझेही हात कणकेत. तेहतीस किलोच्या गोळ्याने धरून ठेवल्यावर बाई जाणार कुठे? मग मी हो म्हटलं.

हे शेवटी लिहिलं, कारण आधी लिहिलं असतं तर तू वरचं काही वाचलं नसतंस. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, तुझ्या काकांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मी आज दोन वेळा मीठ घालायला विसरले. माझं म्हणून तूच एक माणूस आहेस. तुझ्या मनाविरुद्ध करणार नाही. लवकर लिही.

तुझी मावशी

ता. क. पाव दीडशे माणसांना पुरून उरला.


१५ मार्च

मावशी गं,

पत्र वाचून मी भोजनगृहातल्या बाकावर उभा राहिलो आणि मोठ्याने वाचून दाखवलं. चष्म्यापर्यंत आलो तेव्हा आचारी पळी घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून. ज्यांच्याबद्दल मी त्या माणसाला आत घेऊ नकोस असं लिहिलं होतं, त्यांना आता काका म्हणायचं. माझ्या पत्रातलं ते पान फाडून टाक. नाहीतर राहू दे, काकांना दाखव.

हो. हो. हो. तीन मापं हो.

विद्यालय सोडत नाही. गुरुजी म्हणतात, लग्न ते लावतील, पण प्रवचन मी करायचं आणि विषय त्यांनी ठरवलाय. कुठला ते तुला सांगायला नको.

मिठाचं बघ.

तुझा पंडित


९ एप्रिल

लाडक्या,

तुझी गाडी गेल्याला तीन दिवस झाले. घर अजून फुगलेलंच आहे. तुझे काका वह्या माझ्या पिठाच्या फडताळात ठेवतात आणि मी काही बोलत नाही. सकाळी मी त्यांना हाक मारायला गेले तर तोंडातून "साहेब" निघालं आणि त्यांनीही सवयीने "हं, बाई" म्हटलं. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघून चहा सांडेपर्यंत हसलो.

समोर होतास तेव्हा तुला एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे जमलं नाही.

लग्नात तू बोलायला उभा राहिलास आणि कागद उलगडलास. सुरुवात तू नेहमीसारखीच केलीस, मूळ भाषेत अमुक आणि विद्वानांचं मत तमुक. घड्याळजींनी डोळे मिटले. मग तू मध्येच अडकलास. तुझ्या काकांनी माझा हात धरला होता, तो त्यांनी इतका दाबला की अंगठी रुतली. मग तू कागदाची घडी करून खिशात घातलीस आणि म्हणालास, "मला लोक पाववालीचा म्हणायचे, आणि मला लाज वाटायची." आणि परातीपासून सगळं सांगितलंस, साध्या बोलीत, सहा वर्षांचा असल्यासारखं. त्या दोन पावांचंही सांगितलंस, पान उलटल्याचंही. मी खाली बघत होते.

मग ती पुढच्या बाकावरची, पेटीवाल्या बाईंची चिमुरडी नात उठून उभी राहिली. तिला कुणी खाली बसवलं नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिने तुला भर प्रवचनात विचारलं, "पण ती बाई कोण होती? जिने पिठात लपवलं ती?"

गुरुजी पुढे सरसावले होते, मी पाहिलं. त्यांना वाटलं तू काहीतरी विद्वत्तेचं सांगशील. शास्त्रात त्या बाईबद्दल एक अक्षर नाही. कुणाची होती, कुठली होती, काही नाही. तू त्या पोरीकडे बघितलंस आणि अगदी सहज, कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसं म्हणालास, "माझी मावशी."

सगळे हसले, आणि मग एकदम कुणी हसेना. तुझे काका चष्मा पुसायला लागले. तू पुढे काय बोललास ते मी ऐकलं नाही. नंतर तू विचारलंस ना, की मधेच उठून कुठे गेली होतीस? मी तुला म्हटलं, भट्टी बघायला.

सगळे पाव आदल्या दिवशीच भाजून झाले होते, बाळा. भट्टी त्या दिवशी पेटवलेलीच नव्हती.

तुझी मावशी